व्याख्यानाला लोक येईनात, संभाषण गटात मुलं बोलेनात: बंद करायच्या आधी हे करून बघा

सर, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही लातूरकडच्या एका कॅम्पसवर तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवता, विभागानं जूनमध्ये तुमच्यावर दोन कामं टाकली, महिन्यातून एक खुलं व्याख्यान, म्हणजे गावातल्या कुणीही येऊन ऐकावं असं, आणि दर शनिवारी इंग्रजी संभाषण गट. पहिल्या व्याख्यानाला हॉल भरला, तिसऱ्याला अकरा माणसं आली आणि त्यातली चार तुमच्याच विभागातली. संभाषण गटात तीसेक मुलं गोल करून बसतात, दोन-तीन बोलतात, बाकीची खाली बघत बसतात. पुण्या-मुंबईचा मोठा वक्ता बोलवायला पैसे नाहीत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आमच्याकडच्या मुलांना याची आवडच नाही, तर बंद करावं का?'

मी संभाजीनगरला विद्यापीठात भाषा शिकवते आणि ही दोन्ही कामं बरीच वर्षं केलीत, अजून करते. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आवड नाही हे मला पटत नाही. आपल्या भागातली माणसं नामसप्ताहात रात्रीच्या गारठ्यात दोन-दोन तास कीर्तन ऐकतात, पायाला मुंग्या आल्या तरी उठत नाहीत. ऐकायची सवय आपल्याकडं पक्की आहे. पण कीर्तनात ऐकणारा नुसता बसलेला नसतो बघा, महाराज मधेच थांबतात, विठ्ठल विठ्ठल म्हणायला लावतात, पुढं बसलेल्या एखाद्या आजोबांनाच काहीतरी विचारतात, टाळकरी मागं उभे असतात. आलेल्या माणसाला तिथं काम असतं. आपल्या व्याख्यानात आणि आपल्या संभाषण गटात आलेल्याला कामच नसतं, तो खुर्ची भरायला आलेला असतो आणि हे त्याला कळतं. तुम्ही गर्दी कमी होणं आणि मुलं न बोलणं असे दोन प्रॉब्लेम लिहिलेत, मला तो एकच प्रॉब्लेम दिसतो. म्हणून मी किती लोक आले हे मोजणं फार मनावर घेत नाही, किती जणांनी तोंड उघडलं हे मात्र प्रत्येक वेळी बघते.

आता काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथं बसून सांगता येणार नाहीत, तुम्हालाच बघाव्या लागतील. कॅम्पस गावात आहे का गावाबाहेर. आमचं कॅम्पस लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याला, नांदेडचं विष्णुपुरीला, म्हणजे दोन्हीकडं गावातल्या माणसाला मुद्दाम गाडी काढून यावं लागतं. मुलं हॉस्टेलवर राहणारी आहेत का रोज एसटीनं खेड्यावरून येणारी आहेत. रोज येणारी असतील तर शेवटच्या सोयीच्या एसटीची वेळ हीच तुमच्या कार्यक्रमाची वेळ ठरवते, वक्ता कितीही चांगला असू द्या. मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, मेसचं जेवण किती वाजता लागतं, तुमच्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो, हे सगळं एका कागदावर लिहा आणि मग वार-वेळ ठरवा. बाजाराच्या दिवशी मुलांना घरची कामं असतात, पण काही गावांत उलटंही होतं, आई-वडील बाजाराला आलेले असतात आणि त्यांनाही व्याख्यानाला बसवता येतं. माझा अनुभव विचाराल तर दुपारी साडेतीन ते पाच ही वेळ मुलींना आणि एसटीवाल्यांना जमते, नोकरदारांना जमत नाही. दोघांनाही जमेल अशी वेळ मला तरी सापडलेली नाही, त्यामुळं मी वर्षातली बहुतेक व्याख्यानं मुलांच्या वेळेला ठेवते आणि दोन-तीन रविवारी सकाळी ठेवते, गावातल्या लोकांसाठी. महिन्यांचं म्हणाल तर जुलैअखेर ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, बाकीच्या वेळी परीक्षा, दिवाळी आणि ऊन यांच्याशी भांडत बसू नका.

आधी व्याख्यानाचं बोलते.

पहिल्या व्याख्यानाला हॉल भरला होता तो कशामुळं, हे स्वतःला खरं-खरं विचारा. बहुतेक ठिकाणी पहिल्या वेळी एनएसएसची मुलं आणून बसवलेली असतात, हजेरी घेतलेली असते, प्राचार्य येणार म्हणून प्राध्यापक आलेले असतात. तो आकडा खरा नसतोच. तुमची अकरा माणसं खरी आहेत, त्यातली तुमच्या विभागाची चार सोडा, सात माणसं स्वतःच्या पायानं चालत आली. त्या सातजणांशी तुम्ही नंतर बोललात का, ते कुठून आले, कुणी सांगितलं, काय ऐकायला आले होते? नसेल बोलला तर पुढच्या वेळी पहिलं काम हे करा. माझ्याकडं जी माणसं वर्षानुवर्षं येतात, एक निवृत्त तलाठी आहेत, एक किराणा दुकानवाले आहेत, दोन गृहिणी आहेत, ती सगळी अशीच थांबवून, नाव विचारून, पुढच्या वेळी फोन करून टिकलेली आहेत.

दुसरं, कार्यक्रमाचा साचा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाच जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग व्याख्यान, मग अध्यक्षीय समारोप, मग आभार. यात वक्त्याच्या वाट्याला येईपर्यंत पाऊण तास जातो आणि प्रश्नांची वेळ आली की सूत्रसंचालक म्हणतात वेळेअभावी थांबतो. मी हे सगळं काढून टाका असं म्हणत नाही, काढता येतच नाही, वरच्यांना वाईट वाटतं. पण दहा मिनिटांत बसवता येतं. प्रतिमापूजन लोक यायच्या वेळी उरकायचं, परिचय छापून दारावर लावायचा आणि तोंडी तीन वाक्यांत सांगायचा, सत्कार एकच, पाहुण्यांचा, तोही शेवटी. बाकी सगळा वेळ असा वाटायचा: चाळीस मिनिटं वक्ता, तीस मिनिटं प्रश्न. वक्त्याला हे फोनवर आधीच सांगायचं आणि पस्तिसाव्या मिनिटाला समोरून चिठ्ठी दाखवायची. चांगल्या वक्त्याला याचा राग येत नाही.

यात एक गोष्ट मला मनापासून वाटते ती लिहिते, इतिहासवाल्यांनी दुरुस्त करावी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिकडं माणसं तेव्हापासून उन्हाळ्यात संध्याकाळी जाऊन ऐकतायत, वाद घालतायत. आपल्याकडं मराठवाड्यात निजामी राजवट, सभा घ्यायची तर परवानगी लागायची, त्यासाठीच्या गश्ती निशान ५३ या हुकमाचं नाव जुन्या माणसांना अजून आठवतं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ही स्थिती. मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९५८ साली, २३ ऑगस्टला, त्याआधी आपल्या भागातल्या कॉलेजांचा संबंध हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी. म्हणजे खुल्या जागी, कुणाचीही परवानगी न घेता, मोठ्या माणसाला प्रश्न विचारायची सवय लागायला आपल्याला वेळ कमी मिळालाय. म्हणून आपल्याकडं सभागृहात पहिल्या रांगेला सोफे असतात आणि मुलं शेवटच्या चार रांगांत. हे बदलायला वक्ता बदलून उपयोग नाही, बसायची आणि बोलायची रचना बदलावी लागते.

सोफे काढून टाका. खरंच काढा, शिपाईमामांना विनंती करून बाजूच्या खोलीत ठेवा. पन्नास येणार असं वाटत असेल तर चाळीसच खुर्च्या मांडा, अर्धवर्तुळात, जास्तीच्या भिंतीला लावून ठेवा. अकरा माणसं दोनशेच्या हॉलमध्ये बसली की सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, तीच अकरा माणसं एका वर्गात जवळ-जवळ बसली की गप्पा होतात. तुमच्याकडं छोटी खोली असेल तर सरळ हॉल सोडा.

आणि प्रश्नांचं असं. वक्त्याचं बोलणं संपलं की लगेच 'कुणाला काही प्रश्न?' असं विचारायचं नाही. शांतता होते, मग विभागप्रमुख उठून स्वतःच छोटं भाषण करतात आणि संपलं. त्याऐवजी मी सांगते की शेजारच्याशी दोन मिनिटं बोला, काय पटलं, काय पटलं नाही, काय कळलंच नाही. दोन मिनिटं हॉलमध्ये नुसता गलका होतो. त्यानंतर प्रश्न विचारा म्हटलं की हात वर येतात, कारण प्रश्न एकदा तोंडातून बाहेर पडून गेलेला असतो आणि शेजारच्यानं 'हो की, विचार ना' म्हटलेलं असतं. ज्यांना तरीही उठवत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या. पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचे, मग बाकीच्यांचे, हा नियम सुरुवातीलाच जाहीर करा म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. प्रश्न मराठीत, हिंदीत, दखनी उर्दूत कशातही चालेल हेही सांगा, वक्ता इंग्रजीत बोलला असला तरी.

आता पैसे नाहीत, वक्ता कुठून आणायचा. सर, इथं मला तुमच्याशी जरा भांडायचंय. भाषेवर बोलायला माणसं बाहेरून कशाला पाहिजेत? तुमच्या चारी बाजूंना बघा. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू आणि बाजारात मराठी, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी, प्रत्येक गावात दखनी. वली आणि सिराज हे दोन्ही शायर औरंगाबादच्या नावाशी जोडलेले. निजामाच्या काळात उर्दूतून शाळा शिकलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत, ती अजून पाच-दहा वर्षांनी भेटणार नाहीत. 'जागतिकीकरण आणि भाषा: एक चिंतन' असं नाव दिलं तर मीसुद्धा येणार नाही. 'घरात कन्नड, शाळेत मराठी: आमच्या लेकरांचं काय होतं?' असं नाव द्या आणि सीमेवरच्या गावातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना बोलवा, मानधन म्हणून येण्या-जाण्याचा खर्च आणि एक चांगलं पुस्तक. ज्यांनी ते रोज वर्गात बघितलंय ते गुरुजी चाळीस मिनिटं नक्की बोलतात, फक्त त्यांना भाषण लिहून आणू नका, तीन प्रसंग सांगा असं म्हणायचं.

अजून एक विषय जो आपल्या भागात कधीच रिकामा जात नाही, जुने कागद. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम न्यायमूर्ती शिंदे समितीनं सुरू केलं तेव्हा गावोगावी लोकांच्या लक्षात आलं की आपल्या घरातले, तहसीलमधले निजामकाळातले कागद उर्दूत आणि मोडीत आहेत आणि वाचणारं कुणी नाही. राजकारण बाजूला ठेवा, त्यावर व्याख्यान ठेवू नका. 'आजोबांच्या ट्रंकेतला कागद कसा वाचायचा' यावर ठेवा. मोडी वाचणारा एक आणि जुनी उर्दू वाचणारा एक, असे दोघं शेजारी बसवा. शेतकरी येतात, वकील येतात, आणि विद्यार्थ्यांना पहिल्यांदा दिसतं की भाषा शिकलेल्या माणसाची गावाला गरज असते.

परदेशी भाषांचं हवं असेल तर अजिंठा-वेरूळचे गाईड. जपानी, फ्रेंच असं बोलणारे परवानाधारक गाईड आमच्याकडं आहेत, त्यातल्या कित्येकांचं खरं बोलणं पर्यटकांबरोबर चालत-चालत पक्कं झालंय. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी, त्या दिवसांत विचारलं तर त्यांना वेळ असतो. लातूरपर्यंत येणं दूर पडतं हे खरं, मग ऑनलाइन घ्या, पण ऑनलाइनमध्ये चित्रापेक्षा आवाजाची काळजी जास्त घ्या. एक चांगला स्पीकर, हॉलच्या वायफायवर भरवसा न ठेवता मोबाईलचं नेट, आणि एक दिवस आधी त्याच खोलीत दहा मिनिटं फोन लावून बघायचं. वीस मिनिटांच्या वर एकट्यानं बोलू द्यायचं नाही, लगेच प्रश्न.

आता संभाषण गट. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरं काम इथं होतं.

तुमचा गोल मोडा. साधं गणित करून बघा, साठ मिनिटं आणि तीस मुलं, सगळ्यांनी सारखं बोललं तरी एकाच्या वाट्याला दोन मिनिटं. आणि सारखं कुणी बोलत नाही, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला शून्य. तेच चार-चारचे गट केले तर एकाला पंधरा मिनिटं. शिवाय तीस जणांसमोर चुकायचं आणि तीन जणांसमोर चुकायचं यात फार फरक आहे. मुलं लाजतात म्हणून बोलत नाहीत असं आपण म्हणतो, मी इतकी वर्षं बघतेय, बहुतेक मुलं आपल्यापेक्षा वरचढ कुणीतरी ऐकत बसलंय म्हणून बोलत नाहीत. त्यात ते वरचढ म्हणजे आपणच असतो, सर किंवा मॅडम. म्हणून मी गट पाडून दिले की खोलीच्या कडेला जाऊन बसते, वहीत काहीतरी लिहीत, कुणाच्या डोळ्यात न बघता.

विषय द्यायचा नाही, काम द्यायचं. 'स्वतःबद्दल बोला', 'पर्यावरणावर बोला' यावर पाठ केलेली चार वाक्यं येतात आणि संपतं. काम म्हणजे असं की एकाकडं जी माहिती आहे ती दुसऱ्याकडं नाही आणि ती काढून घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एकाच्या हातात एसटीचं वेळापत्रक, दुसऱ्याला नांदेडहून तुळजापूरला जाऊन रात्री परत यायचंय. एकानं चित्र बघायचं आणि दुसऱ्यानं ऐकून काढायचं. एकानं धपाटे कसे करतात ते सांगायचं आणि ज्याला येत नाही त्यानं विचारून-विचारून कृती लिहून काढायची. यात व्याकरण तुटकं असलं तरी बोलणं थांबत नाही.

दुसरं एक तंत्र मी जवळजवळ दर वेळी वापरते, ४-३-२. पॉल नेशन या भाषाशिक्षण तज्ज्ञांच्या लिखाणातून ते बऱ्याच शिक्षकांना माहीत झालंय. एकच गोष्ट एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायची, मग जोडीदार बदलायचा आणि तीच गोष्ट तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. पहिल्या वेळी मुलगा अडखळतो, आठवतो, 'आय... आय...' करतो, तिसऱ्या वेळी तेच वाक्य सरळ निघतं, आणि कुणी शाबासकी द्यायच्या आधी ते त्याला स्वतःलाच कळतं. कमजोर मुलांना चार मिनिटं फार होतात, त्यांना तीन, दोन, दीड करा.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडं येमेनहून शिकायला आलेली मुलं बरीच असतात. त्यांतला एक आमच्या गटात यायचा, त्याला इंग्रजी बोलायचं होतं आणि मराठी शिकायचं होतं. त्याच्या टेबलाला मी किनवटकडचा एक मुलगा दिला, घरी गोरमाटी, शाळा मराठीतून, हिंदी बाजारापुरती. हा मुलगा तोपर्यंत गटात एक शब्द बोललेला नव्हता. मला म्हणाला, 'मॅडम, मला काही सुचंना झालंय.' जानेवारीचे दिवस होते, मी म्हटलं याला हुरडा म्हणजे काय ते सांग. त्यानं सुरुवात केली, ज्वारी, ग्रीन, फायर, ईट. संपलं. येमेनचा मुलगा शेतकऱ्याच्या घरातला होता, त्यानं लगेच विचारलं की दाणा पिकू का देत नाही, कोवळा का खाता, नुकसान नाही का होत? आता याला उत्तर देणं भागच होतं. मग तो हातानं कणीस धरून, आगटीत कसं खुपसायचं, गरम-गरम कणीस तळहातावर कसं चोळायचं, फुंकर मारून कोंडा कसा उडवायचा, सोबत चटणी, गूळ, दही, आणि सगळं शेत नाही, एका कोपऱ्यातलीच ज्वारी हुरड्याला ठेवतात, हे सगळं तुटक इंग्रजीत, मधे हिंदी, मधे नुसते हात करून सांगत राहिला. समोरचा तळहात पुढं करून बसला होता, असं का, असं का, विचारत. वेळ संपल्याची घंटी मी मुद्दाम वाजवली नाही. त्या मुलाला तीन भाषा येत होत्या आणि चौथीत तो बोलत होता, त्याला फक्त खरोखर काहीतरी जाणून घ्यायचंय असा माणूस समोर मिळाला.

तुमच्याकडं परदेशी विद्यार्थी नसतील. पण ज्याला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंय असा माणूस कुठंही मिळतो. बी-फार्मसीचा मुलगा आणि इतिहासाची मुलगी एका टेबलाला बसवा. किंवा अदलाबदल करा, तुमच्या इंग्रजी गटात उर्दू माध्यमातून आलेल्या मुली असतील तर अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास त्यांनी बाकीच्यांना उर्दू बोलायला शिकवायचं. जी मुलगी इंग्रजीत गप्प असते ती तिथं मास्तरीण होते, आणि पुढच्या शनिवारी तिचा आवाज मोठा झालेला असतो.

चुका. बोलत असताना दुरुस्त करायचं नाही, अजिबात नाही. मी वहीत लिहून ठेवते आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत नावं न घेता फळ्यावर तीन-चार वाक्यं लिहिते, मुलंच दुरुस्त करतात. आणि मराठी शब्द वापरला की पाच रुपये दंड, ही पद्धत काही कॉलेजांत असते, ती कृपा करून आणू नका. शब्द अडला तर मुलगा मराठी शब्द टाकून वाक्य पुढं नेतो, हे चांगलं लक्षण आहे, तो वाक्य सोडून देत नाहीये. दंड लावला की तो वाक्यच सुरू करत नाही.

आणि थांबायला शिका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. ते मुलांच्या स्वतःच्या भाषेतलं होतं. दुसऱ्या भाषेत विचार करायला अजून वेळ लागतो, मी मनात सातपर्यंत मोजते. सात सेकंदांची शांतता आपल्याला फार मोठी वाटते, मुलाला ती पुरत नाही.

पातळीचं लोक फार विचारतात, ए१ (अगदी सुरुवात) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) अशी ती युरोपातली पद्धत लावून गट वेगळे करावेत का. मुलं साठ-सत्तर असतील तर करा. तीस असतील तर करू नका, फक्त दोन अगदी पक्की बोलणारी मुलं एका टेबलाला बसवू नका आणि पक्क्या मुलाला बोलायचं काम न देता विचारायचं काम द्या. तुमची ती दोन-तीन मुलं जी सगळा वेळ बोलतात, त्यांना आजपासून प्रश्न विचारायची जबाबदारी द्या, ती नाराज होत नाहीत, उलट त्यांना मान वाटतो. मुलींचं टेबल वेगळं ठेवावं का, हे तुमच्या तिथल्या वातावरणावर आहे. मी पहिले काही आठवडे त्यांना हवं तसं बसू देते, मग ४-३-२ मध्ये जोडीदार बदलता-बदलता आपोआप मिसळतात.

आता दोन्ही जोडा. व्याख्यान गुरुवारी असेल तर त्याआधीच्या शनिवारी संभाषण गटात त्याच विषयावर काम द्यायचं आणि प्रत्येक टेबलानं वक्त्यासाठी एक प्रश्न तयार करायचा. आधी मराठीत, मग इंग्रजीत. गुरुवारी त्या टेबलांतलं कुणीतरी तो प्रश्न विचारणार हे ठरलेलं. म्हणजे व्याख्यानाला येणारी निम्मी माणसं काहीतरी काम घेऊन येतात. आणि व्याख्यानानंतरच्या शनिवारी, वक्ता काय म्हणाला ते जो आला नव्हता त्याला सांगायचं. त्या निवृत्त तलाठ्यांसारखी गावातली माणसं हळूहळू शनिवारी पण येऊन बसायला लागतात, आमच्याकडं बसतात, आणि मुलांना वयानं मोठ्या माणसाशी बरोबरीनं बोलायची सवय लागते.

म्हणजे थोडक्यात काय, छोटी खोली, कमी सत्कार, जवळचा वक्ता, प्रश्नांआधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं, शनिवारी चार-चारचे गट आणि दोन्हीची एकमेकांत गुंफण. यातलं एकही काम पैशावर अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याच गोष्टींवर, आणि तुम्ही तासिका तत्त्वावर आहात म्हणून ते लिहिते. खोलीची चावी. शनिवारी चारला मुलं दारात उभी आणि चावी कुणाच्या तरी घरी, असं दोनदा झालं की गट संपला. वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज देऊन सगळ्या शनिवारांची एकच खोली लिहून घ्या, आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. शिपाईमामांना गटाचा माणूस समजा, चहा त्यांच्यासोबत घ्या. चहा कार्यक्रमाच्या आधी ठेवू नका, नंतर ठेवा आणि त्याच खोलीत ठेवा, बाहेर ठेवला की लोक पांगतात. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी जिओ-टॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो लागतातच, त्यासाठी एका मुलाला नेमून टाका, त्यानं बोलणं चालू असताना कडेनं फोटो काढायचे, कुणाला थांबवून उभं करायचं नाही. हजेरीचा कागद दाराशी ठेवा, फिरवू नका. सर्टिफिकेट द्यायचंच असेल तर उपस्थितीचं देऊ नका, ज्यानं व्याख्यानात प्रश्न विचारला किंवा टेबल सांभाळलं त्याला द्या. आणि दोन विद्यार्थी असे तयार करा की तुम्ही आजारी पडलात, तुमची ऑर्डर लांबली, तरी शनिवार चुकणार नाही. दर वर्षी तुमची नेमणूक पुन्हा होणार का नाही हे तुमच्या हातात नाही, पण गट त्या दोघांच्या हातात राहू शकतो.

बंद करावं का, तर आत्ता नाही. फेब्रुवारीपर्यंत वार, वेळ, खोली न बदलता चालवा, चार जण आले तरी चार जणांचं एक टेबल लावा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. बंद करायची वेळ मी कशावरून ओळखते तर आलेली माणसं पुढच्या वेळी कुणालातरी सोबत आणतात का यावरून. अख्ख्या सत्रात एकानंही एकदाही मैत्रिणीला, भावाला, शेजाऱ्याला आणलं नाही तर मग त्या वेळेत, त्या खोलीत किंवा त्या भाषेत काहीतरी चुकतंय, तेव्हा ते थांबवून दुसऱ्या वारी नव्यानं सुरू करा. इंग्रजीऐवजी कन्नड किंवा तेलुगूचा गट काढूनही बघा, तुमच्या भागात शिकवणारे घराघरात आहेत.

पुढचं व्याख्यान जुन्या कागदांचं ठेवणार असाल तर एक सांगून ठेवते. लोकांना मूळ कागद आणू देऊ नका, झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो आणायला सांगा आणि तसं पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा. मूळ कागद हातोहात फिरतात, घडीवर फाटतात, आणि जमिनीचा कागद असेल तर भावकीत भांडणं लागतात. एका माणसाचा एकच कागद, आणि मालकी कुणाची यावर वाचणाऱ्यानं काही बोलायचं नाही, फक्त काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं, हे दोन्ही नियम सुरुवातीलाच सांगा.